सात टिकल्यांचा माणूस

बाबल्यानं भिंतीवरच्या कागदावर ओला स्पंज फिरवला, कोपरा नखानं उचलला आणि केळीचं सोपट सोलावं तसा अख्खा कागद एका ओढीत खाली घेतला. आत एक डोळा होता. काचेच्या दोन पांढऱ्या टिकल्यांच्या मध्ये एक काळी, आणि वर चार काळ्यांची भुवई. इफ्फत चहाचा थर्मास घेऊन दारातच उभी राहिली. तिला आधी वाटलं, पाणी ओघळलंय म्हणून असं दिसतंय. पाणी सुकेल, मग डोळा जाईल. पाणी ओघळून गेलं आणि डोळा तिथंच राहिला. तिच्या भिंतीवर एकशेवीस टिकल्या लांब गुराब होती, जुन्या आरमाराचं जहाज, तिच्यावर दोन डोलकाठ्या होत्या, सोळा तोफा होत्या, बेचाळीस माणसं होती, आणि या सगळ्यांत मिळून एकही डोळा नव्हता. तिनं काढलाच नव्हता.

"पुढचा उतरवू?" बाबल्यानं विचारलं. त्याची पाठ तिच्याकडे होती. त्याला भिंत म्हणजे ओळंबा आणि सांधे, चित्र त्याच्या खिजगणतीत नव्हतं.

"उतरव," ती म्हणाली.

दुसऱ्या कागदाखालून नाक आलं. तिसऱ्याखालून मिशीचा अर्धा आणि गाल, चौथ्याखालून लाल पगडी. मग पांढरा अंगरखा, सोनेरी कंबरपट्टा, मुठीवर ठेवलेला हात. नऊच्या नऊ कागद उतरले तेव्हा गुराबेच्या मागच्या डेकवर, जिथं तिनं सुकाणू धरलेला माणूस काढला होता, तिथं एक सरदार उभा होता. तिची नजर सवयीनं खालून वर मोजत गेली. छत्तीस. पायापासून पगडीपर्यंत छत्तीस टिकल्या. एक टिकली म्हणजे एक वीत, हा तिचा कायदा होता, चार वर्षांत तिनं तो एकदाही मोडला नव्हता. छत्तीस विती म्हणजे अठरा हात. अठरा हात उंचीचा माणूस जहाजावर उभा आहे. त्याची पगडी शिडात घुसलेली आहे, त्याचा एक पाय तोफेपेक्षा लांब आहे, तो जरा डावीकडे वाकला तर गुराब उलटेल आणि बेचाळीस माणसं पाण्यात जातील, आणि हे कुणाला दिसत नाही.

माणूस साडेतीन हातांचा असतो. सगळं जग हे जाणतं. जन्माला आल्यापासून ऐकत आलेलं असतं, मेल्यावर तेवढीच जागा लागते. साडेतीन हात म्हणजे सात विती, सात टिकल्या. एक डोक्याची, तीन धडाच्या, तीन पायांच्या. संपला माणूस. इफ्फतनं बेचाळीस माणसं अशी काढली होती. कुणी वल्ह्यावर, कुणी तोफेच्या बुडाशी, कुणी डोलकाठीला लटकलेला, एक नुसताच कडेला बसून पाय सोडलेला, तो बसलेला म्हणून पाच टिकल्यांचा. त्यांच्यात सरदार कोण होता? होता कुणीतरी. ती कशाला सांगेल.

भाट्याच्या खाडीकाठी 'सागरवैभव मंडळा'नं हे सभागृह बांधलं. त्याची पंधरा फूट बाय दहा फूट भिंत इफ्फतला दिली, आणि उद्या, २६ जानेवारी २००३ला, उद्घाटन. भिंतीवर रंगानं चित्र काढलं तर खारा वारा ते दोन वर्षांत खातो, म्हणून पोहण्याच्या तलावाला लावतात तसल्या इंच-इंच काचेच्या टिकल्या. या टिकल्या एकेक करून भिंतीला लावत बसत नाहीत. खाकी कागदावर त्या पालथ्या चिकटवायच्या, फुटाफुटाचा एक कागद, एका कागदावर एकशे चव्वेचाळीस. मग कागदासकट पांढऱ्या सिमेंटवर दाबायच्या आणि अर्ध्या तासानं कागद भिजवून सोलून काढायचा. तोवर भिंतीवर नुसता खाकी रंग असतो. खाली काय आहे ते चिकटवणाऱ्यालाच माहीत. इफ्फत आणि तिची आई कुलसुम, दोघींनी राजिवड्यातल्या घराच्या पडवीत बसून आठ महिने दीडशे कागद चिकटवले होते. खळ गव्हाच्या पिठाची. चित्र पालथं, म्हणजे डावं उजवीकडे आणि उजवं डावीकडे. इफ्फतला त्याचं काही वाटलं नाही. शाळेत शिवणाच्या तासाला गोदूबाई दोसुतीवर फुलीचा टाका शिकवायच्या तेव्हा आधी कापड उलटं करून बघायच्या. मागची बाजू घाण असली की पुढचं कितीही सुंदर असो, उसवायला लावायच्या. माणसाचं खरं काम मागून दिसतं, असं त्या काही म्हणायच्या नाहीत, नुसतं उसवायला लावायच्या.

चार दिवसांपूर्वी, ती काम करते त्या दुकानाच्या मालकानं, सदूनं, तिला सांगितलं होतं, "इफ्फत, नऊ कागदांची खळ झुरळांनी खाल्लीन गो. दुकानात ठेवलेले ना, तेच. टिकल्या सुट्या झाल्या. तू नको दगदग करूस, आमची पोरं चिकटवतील, तुझी फ्लॉपी आहेच माझ्याकडे." आणि तिनं ते खरं मानलं. पिठाची खळ झुरळं खातातच. तिनं वर त्याला सांगितलं होतं की पुढल्या वेळी खळीत थोडं मोरचूद घाल, म्हणजे झुरळं शिवत नाहीत. आता ते आठवून तिच्या कानाच्या पाळ्या गरम झाल्या. खोटं बोललेल्याचा राग येतो तो येतोच, पण आपण त्या खोट्याला वर मोरचूद सुचवलं याचा राग निराळा असतो, तो पोटात जाऊन बसतो.

सदूचं दुकान म्हणजे टायपिंग, झेरॉक्स, लग्नपत्रिका. इफ्फत तिथं अठ्ठ्याण्णव सालापासून टाईप करते. वारसदाखले, तक्रारअर्ज, बागायतदारांचे मागण्यांचे कागद. दुपारी दोन ते चार गिऱ्हाईक नसायचं, सदू घरी जेवायला जायचा, आणि चौदा इंची पडद्यासमोर ती एकटी उरायची. एकदा चित्रं काढायचा प्रोग्राम सहज उघडला आणि भिंगाची खूण दाबली. पडद्यावरची रेघ फुटली आणि तिची चौकोनी घरं झाली. दोसुतीच ती. ताणाबाणा, घर सोडून घर. तिला कुणी सांगायला नको होतं की इथं काय करायचं असतं. पुढे कधीतरी एका मासिकात वाचलं की त्या घराला पिक्सेल म्हणतात आणि परदेशात लोक असली चित्रं काढतात. तिला त्याचं कौतुक वाटलं नाही. ती तेव्हा अर्धी गुराब काढून बसली होती.

जहाजच का, असं लोक विचारायचे. राजिवड्यातल्या बाईनं मेंदीची नक्षी काढली असती तर कुणी विचारलं असतं का. तिचा बाप अयूब शिडाच्या गलबतांवर तांडेल होता. मंगलोरहून कौलं आणायची, जयगडला, दाभोळला उतरवायची, हे त्यानं तीस वर्षं केलं. मग ट्रक आले, लाँचा आल्या, आणि शेवटचं गलबत खाडीच्या चिखलात कुजत पडलं. अयूब घरी बसला. बोलायचा कमी. मात्र हात पसरून वस्तू मोजायची त्याची खोड गेली नाही. दाराची चौकट, बांगडा, नातवाची पाठ, सगळं वितीनं. करंगळीपासून अंगठ्यापर्यंत हात ताणायचा आणि आकडा सांगायचा, जणू त्या आकड्याची कुणीतरी वाट बघतंय. वाचनालयात बसून इफ्फतनं जुन्या आरमाराविषयी मिळेल ते उतरवून आणलं. गुराब किती लांब, पुढच्या टोकाची नाळ किती बाहेर, तोफा कुठल्या कडेला. पुस्तकं लिहिणाऱ्यांनी जहाजाची लांबी दिलेली असायची आणि माणूस कुठं झोपायचा ते दिलेलं नसायचं. ते ती बापाला विचारायची. "साठ हात गुराब, बाबा. पाणी पिण्याचं कुठं ठेवतील?" अयूब डोळे मिटायचा. "डोलकाठीच्या बुडाशी. तिथं हलतं कमी. पाच विती उंच टाकी, लाकडाची." मग ती पाच घरं रंगवायची. अशी ती गुराब झाली. एकेक घर विचारून.

माणसांची वेळ आली तेव्हा कुलसुम मध्ये पडली. कुलसुमला गलबतं चालायची, तोफा चालायच्या. "पण तोंड नको हां काढूस," ती म्हणाली. "जीव असलेल्याचं तोंड आपण काढू नये. तुझ्या आजीनं कधी रुमालावर पोपट पण भरलान नाय."

"अगो आई, एका टिकलीचं डोकं. त्यात कसलं तोंड?"

कुलसुमनं चष्मा लावून एक माणूस नीट पाहिला. बराच वेळ पाहिला. "हां," ती म्हणाली, "ह्याला कोण बोलवील माणूस. चालेल." आणि तिनं पुढचा कागद ओढून खळ लावायला घेतली. तेव्हा दोघी हसल्या होत्या. पण इफ्फतच्या मनात तेव्हापासून एक कुसळ राहिलं होतं. आपण माणसाला सात टिकल्यांत बसवलं ते मापासाठी, की आईला घाबरून? खरं कुठलं? ती रात्र रात्र जागून असले विचार करणारी बाई नव्हती, पण सांधा भरताना, बोटाला लागलेली खळ खरवडताना ते मध्येच टोचायचं. आणि नेमकं तेच कुसळ हरिश्चंद्ररावांनी पकडलं.

हरिश्चंद्रराव मंडळाचे अध्यक्ष. वाईट माणूस नव्हे, ही तिची खरी अडचण. गेल्या पावसाळ्यात ते चित्र बघायला घरी आले, पडवीत मांडी घालून बसले, कुलसुमनं दिलेला चहा बशीत ओतून प्यायले आणि बराच वेळ कागदाकडे बघत राहिले. "उत्तम," ते म्हणाले. "पण सरदार कुठाय?"

"आहे त्यातच."

"दिसत नाही ना पण. हे बघ मुली, माझी आई निरक्षर. ती येणार, गावातली म्हातारी माणसं येणार. त्यांना भिंतीवर एक चेहरा दिसला पाहिजे. बघून हात जोडता आले पाहिजेत."

"हात जोडायला नाही काढलेलं," इफ्फत म्हणाली. "हात लावायला काढलंय. जवळ येऊन बघतील की लोक. तोफ बघतील, पाण्याची टाकी बघतील."

ते हसले. मग आवाज उतरवून, अगदी समजूतदारपणे म्हणाले, "मला कळतं. तुमच्यात माणसाचं चित्र चालत नाही. तुझी अडचण समजू शकतो मी. तू नको काढूस, दुसरा कुणी काढेल."

समजू शकतो. या शब्दांनी तिच्या तोंडातली थुंकी कडू झाली होती. तिनं वाचनालयात घालवलेल्या दुपारी, साठ हातांचा हिशेब, बापाचे मिटलेले डोळे, सगळं त्या माणसानं एका दमात उचलून 'तुमच्यात'च्या डब्यात टाकलं आणि वर झाकण लावलं. चिडून बोलली असती तर झाकण आणखी घट्ट बसलं असतं. आत दाराआड कुलसुम ऐकत होती, आणि तिला तर अध्यक्षांचं म्हणणं पटलेलं होतं. इफ्फत एवढंच म्हणाली, "अडचण नाहीये. माप आहे. एक टिकली एक वीत. तुमचा सरदार सात वितींपेक्षा मोठा होता, असा कुठं कागद असेल तर आणा, मी मोठा काढते." हरिश्चंद्रराव पुन्हा हसले आणि विषय तिथंच राहिला. तिला वाटलं मिटला. तो मिटला नव्हता, झुरळांकडे गेला होता.

"बाय, चहा ओतणार की थर्मासच दाखवणार?" बाबल्यानं विचारलं. तो सावर्ड्याकडचा गवंडी, पन्नाशीचा. त्यानं हात धोतराला पुसले आणि वळून पहिल्यांदा भिंत नीट पाहिली. मग तिच्याकडे पाहिलं. "काय झालं?"

"हा कुठून आला?"

"कोण? हा?" बाबल्यानं मान वर करून सरदाराकडे पाहिलं. "सकाळी सदूशेठनी नऊ कागद आणून दिलंनीत, मी लावलं. तुमचाच ना? मला वाटलं देव आहे कुठला."

इफ्फत भिंतीजवळ गेली. जवळून तो आणखी वाईट होता. कुणाचं तरी छापील चित्र घेऊन, ते यंत्रात घालून लहान करून त्याची घरं पाडली होती. गालावर सात प्रकारचे तपकिरी, कुठल्याही हिशेबाशिवाय सांडलेले. एकही टिकली कुणी विचार करून ठेवलेली नव्हती. नाकाच्या कडेला एक हिरवी होती. हिरवी. यंत्राला वाटली म्हणून. ती त्या हिरव्या टिकलीकडे बघत राहिली आणि तिला आठवलं की खाली, डेकच्या उंचीवर, बरोबर सात टिकल्या होत्या. एक तपकिरी, तीन मळकट पांढऱ्या, तीन निळ्या. सुकाणूवरचा माणूस. तो कोण होता हे तिनं कुलसुमलाही सांगितलं नव्हतं. लुंगी निळी होती, एवढ्यावरून कोण ओळखणार. अयूब मागच्या रमजानच्या आधी गेला. कफन आणायला निघालेल्या पोरानं विचारलं होतं, किती मीटर, आणि कुलसुमच्या तोंडून सवयीनं निघून गेलं, "सात विती माणूस आहे, त्या हिशेबानं आण." त्यानंतर एका दुपारी दुकानात इफ्फतनं सुकाणूवरच्या माणसाच्या पांढऱ्या पायांना निळा रंग दिला. तीन घरं. दुसरं काही केलं नाही. आता त्याच्या जागी सरदाराचा बूट होता.

मग तिच्या लक्षात आलं की इतके दिवस टोचत होतं ते कुसळ आता नाही. आईची भीती नव्हे, अध्यक्षांची समजूतही नव्हे. तोंडाचा प्रश्नच नव्हता कधी. प्रश्न असा होता की एका माणसाला अठरा हात केलं की बाकीचे बेचाळीस किडे होतात. सात टिकल्यांचा माणूस शेजारी सात टिकल्यांचा माणूस असेल तरच माणूस. ही साधी गोष्ट तिला पडवीत बोलता आली नव्हती, म्हणून तिला स्वतःचाही राग आला. पण तो आता कामाला येण्यासारखा होता.

"बाबल्या, सिमेंट किती वेळ ओलं राहील?"

"तासभर. फार तर दीड. का?"

तिनं थर्मास खाली ठेवला, ओढणीचं टोक कमरेला खोचलं, पिशवीतून खळ खरवडायची छोटी सुरी काढली आणि सरदाराच्या डोळ्यातली काळी टिकली उचकटली. ती चट्कन निघाली. मागे पांढरं ओलं भोक राहिलं.

"अगो, अगो," बाबल्या पुढे आला. "उद्या उद्घाटन आहे. माझ्या अंगावर येईल."

"तुझ्या नाही, माझ्या. तू सांग की मी तुला ढकलून दिलं."

"तू? मला?" बाबल्यानं तिच्या मनगटाकडे बघितलं आणि हसू दाबलं. मग तो गंभीर झाला. भिंतीजवळ येऊन त्यानं सरदाराचा बूट, त्याखाली दबलेली तोफ, शेजारचे सात टिकल्यांचे दोन वल्हेकरी पाहिले. चार दिवस तो ही भिंत लावत होता, पण पाहिली ती आत्ता. "हा हिथं उभा राहिला तर," तो सावकाश म्हणाला, "हे लाकूड नाय धरायचं हो. माळ्याची फळी असती तरी मोडली असती. एवढा भार." गवंड्याला सौंदर्य कळो न कळो, भार कळतो. "पण बाय, ह्या काढलेल्या जागी लावशील काय? उरलेल्या टिकल्या बघ की." कोपऱ्यातल्या पोत्यात निळ्या होत्या, नुसत्या निळ्या, आभाळाच्या आणि समुद्राच्या. शिडाच्या मळकट पांढऱ्या संपल्या होत्या. त्या मुंबईहून आणवलेल्या, मोजून.

त्या क्षणी तिचा धीर सुटला असता. शिडाच्या खालच्या कोपऱ्यापासून डेकपर्यंत चारएकशे टिकल्यांचं भगदाड पडणार, माणसाच्या आकाराचं, आणि उद्या लोक त्या भगदाडालाही हात जोडतील. तिच्या मुठीत उचकटलेली सरदाराची भुवई होती, चार काळ्या टिकल्या. ती त्यांच्याकडे बघत होती आणि तिला अयूबचा आवाज आला. म्हणजे आला असं नव्हे, आठवला. दोन वर्षांपूर्वी तिनं पहिला छापील कागद त्याच्यासमोर धरला होता. त्यानं नाळ पाहिली, टाकी पाहिली, मान डोलवली. मग शिडावर बोट ठेवलं. "बाय, ह्याला ठिगळ कुठाय?" ती म्हणाली, आरमाराचं जहाज आहे बाबा, नवं शीड आहे. अयूब तोंडातल्या तोंडात हसला. "मग हे बंदरातनं बाहेर पडलंच नाय अजून. ठिगळ नसलेलं शीड दुकानात असतं." ती तेव्हा रुसली होती. एवढी मेहनत करून कोरं, स्वच्छ शीड काढलेलं, आणि हा ठिगळ मागतोय. तो स्वतः शिडं शिवायचा. दाभण, मेण लावलेली सुतळी, जाड जाड टाके. जे हाताला लागेल ते कापड, कुणाच्या लुंगीचं, कुणाच्या बायकोच्या लुगड्याचं. वारा अडला म्हणजे झालं.

"लावायला आहेत की," ती म्हणाली. "हा आख्खा माणूस आहे."

बाबल्याला कळायला थोडा वेळ लागला. मग तो बाहेर गेला. इफ्फतला वाटलं, गेला, आता सदूला फोन करील. तो आला तेव्हा हातात डब्यातला गुळाचा खडा होता, त्याच्या काळ्या चहाचा. त्यानं बादलीत पाणी घेतलं, खडा त्यात चुरगळला. "आमचा आजा देवळाचा चुना मळायचा तेव्हा गूळ घालायचा," तो म्हणाला. "पण सिमेंटवर गुळाचं पाणी मारलं की सिमेंट विसरतं. धरायचं असतं तेच विसरतं. तीन तास मिळतील तुला. पुन्हा नाय मिळायचे."

मग दोघांनी सरदार उतरवला. बाबल्या करणीच्या टोकानं, ती सुरीनं. पगडी आधी, मग कपाळ. टिकल्या धुऊन रंगाप्रमाणे घमेल्यात पडत होत्या, टक्, टक्. तिला क्रूर वाटत नव्हतं. गोदूबाई उसवायला लावायच्या तेव्हा वाटायचं तसं वाटत होतं, हात थांबू न देणारं. अंगरख्याच्या पांढऱ्या टिकल्या शिडाला गेल्या, थोड्या जास्तच पांढऱ्या, पण नव्या कापडाचं ठिगळ असंच उठून दिसतं. लाल पगडीचं शिडाच्या कोपऱ्याला चौकोनी ठिगळ झालं, कुणाच्या तरी लुगड्याचं. गालाच्या तपकिरी आडव्या लावल्या, तेलकट झालेलं जुनं तागाचं कापड. मिशी उरली होती. भरघोस मिशी होती, तीस-बत्तीस काळ्या टिकल्या. त्या तिनं ठिगळांच्या कडेनं एक सोडून एक लावल्या. जाड जाड टाके. सोनेरी कंबरपट्ट्याचं काय करावं ते सुचेना, तर बाबल्या म्हणाला, "सुकाणूच्या दांड्याला पितळ लाव की." लावलं. हिरवी टिकली तिनं खिडकीतून खाडीत फेकली.

मध्ये सदू आला. हातात उद्घाटनाच्या फलकाची गुंडाळी. दारातच त्याचा पाय अडला. "इफ्फत, काय चालवलंयस हे?"

"झुरळं काढतेय."

"हे बघ, मला अध्यक्षांनी सांगितलंनीत म्हणून मी... माझा काय संबंध..."

"खळीत मोरचूद घातलंस?" ती मागे न बघता म्हणाली. "सांगितलं होतं मी."

सदू एक पाऊल आत आला. बाबल्यानं त्याच्या बुटांवर पडेल असं पाणी भिंतीवर मारलं. "सरा सदूशेठ, चिकटेल. गूळ आहे." सदू गेला, आणि तो कुठं गेला हे दोघांनाही ठाऊक होतं.

शेवटी सुकाणूचा माणूस उरला. डोक्याला तिनं सरदाराच्या नाकाचा शेंडा घेतला, एक तपकिरी. धडाला अंगरख्याच्या तीन पांढऱ्या. पायांना पोत्यातल्या तीन निळ्या, तेवढ्याच मात्र भरपूर होत्या. लावताना तिचं बोट पायांवर थोडं जास्त वेळ राहिलं. बाबल्या सांधे पुसत होता, त्यानं बघितलं आणि पुसत राहिला. दुपारचे दोन वाजत आले होते. काठाकाठानं सिमेंट घट्ट होऊ लागलं होतं.

हरिश्चंद्रराव आले ते चपला बाहेर काढून आत आले, देवळात यावं तसे. सदू मागे, खांबाआड. ते भिंतीसमोर उभे राहिले. त्यांचा चेहरा लाल झाला, मग उतरला. ओरडले असते तर इफ्फतला सोपं गेलं असतं. त्यांनी अगदी दुखावल्या आवाजात विचारलं, "सरदार काढून टाकलास?"

"नाही. आहे त्यात."

"आईला काय दाखवू मी उद्या? ठिगळं?"

"हो. त्यांनी लावली असतील आयुष्यात. ओळखतील."

ते बाबल्याकडे वळले. "हे काढून पुन्हा होईल का रे संध्याकाळपर्यंत? कागद छापून घेऊ."

बाबल्यानं भिंतीवर बोटाच्या पेरानं ठोकून पाहिलं. एकदा वर, एकदा खाली. "आता दगड झाला, साहेब," तो म्हणाला. "छिन्नी लावली तर शीड फुटेल. शिडाबरोबर डोलकाठी. मग उद्या भिंतीवर नुसता समुद्र." त्यानं बादली उचलून पाठीमागे ठेवली. गुळाच्या पाण्याच्या ओघळावर मुंग्यांची पहिली रांग लागली होती, तिच्यावर त्यानं पाय ठेवला.

"माझं नाव नका घालू फलकावर," इफ्फत म्हणाली. "कुणी विचारलं तर सांगा, तुम्हाला नको होतं असं. मला चालेल. पण ह्याला आता कुणी हात लावायचा तो बोटानं लावायचा, छिन्नीनं नाही."

बाहेर खाडीत एका होडीचं इंजिन सुरू होत होतं आणि बंद पडत होतं. हरिश्चंद्ररावांनी खिशातून चष्मा काढला, पुसला, लावला. मग ते भिंतीजवळ गेले. पार जवळ, नाक टेकेल इतके. "कुठला?" त्यांनी विचारलं. आवाज अजून रागाचा होता. "सांग तरी. ह्या सगळ्यांतला कुठला सरदार?"

"तुम्ही शोधा."

त्यांचं बोट उठलं. नाळेवरच्या माणसावर थांबलं, तिथून तोफेवरच्या माणसावर गेलं, पाण्याच्या टाकीपाशी घुटमळलं, मग डोलकाठीवर चढलं. पाय सोडून बसलेल्या पाच टिकल्यांच्या माणसापाशी ते बराच वेळ राहिले, ओठ हलत होते, मोजत होते. लाल ठिगळावरून, मिशीच्या टाक्यांवरून बोट खाली आलं आणि निळ्या पायांच्या माणसाजवळ पोचलं. इफ्फत चार पावलं मागे सरली, एक डोळा मिटला, बापासारखा उजवा पंजा ताणून हवेत धरला आणि भिंतीशी उभ्या त्या पाठमोऱ्या माणसाला टाचेपासून टाळूपर्यंत मोजलं. सात विती. वर एक बोटसुद्धा नाही.